पुढच्याला लागलेली ठेच जाते कुठे?

मोठ्या दुकानात कुणी घसरून पडल्याची चित्रफीत फिरायला लागली, की तासाभरात दोन तट पडतात. एक तट विचारतो, ‘डोळे कुठे होते?’ दुसरा म्हणतो, ‘कंपनीला कोर्टात खेचा.’ पहिल्याच्या लेखी पडलेला माणूस वेंधळा, मोबाइलमध्ये डोकं खुपसलेला, नाहीतर भरपाईसाठी सोंग करणारा. दुसऱ्याच्या लेखी मालक नफ्यापायी लोकांच्या जिवावर उठलेला. दोन्ही तट पाहतात तो एकच क्षण, पाय घसरल्याचा, आणि त्याच क्षणात आरोपी शोधतात. त्या क्षणाच्या आधीचे तास, महिने, वर्षं कुणी पाहतच नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. आजचं मोठं दुकान हे चालू गोदाम आहे आणि त्यात ग्राहक नोकराचं काम करतो. त्यामुळे त्याच्या जिवाची काळजी कामगाराच्या जिवाइतक्याच कडक नियमांनी घेतली गेली पाहिजे, आणि तिथे होणारी प्रत्येक गंभीर इजा नोंदली जाऊन लोकांना कळली पाहिजे.

हे गोदाम झालं कसं? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दुकान म्हणजे एक लांब फळी, अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे माल. वस्तूचं नाव सांगायचं. दुकानातला माणूस शिडीवर चढणार, डबा उतरवणार, वजन करून हातात देणार. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं आणि ही फळीच काढून टाकली. लोकांनी आत यावं, फिरावं, हवं ते स्वतः उचलावं. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ट्रॉली आणली, कारण हातातली टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. १९६३ मध्ये फ्रान्समध्ये कारफूरने एकाच छताखाली सगळं विकणारं अवाढव्य दुकान उघडलं. १९७६ मध्ये सॅन दिएगोत ‘प्राइस क्लब’ सुरू झालं ते विमानांच्या जुन्या हँगरमध्ये. आता माल फळीवर मांडायचीही गरज उरली नाही. लाकडी पॅलेटवर आला तसा रचायचा, साठा डोक्यावर आणि विक्री पायाशी.

या प्रवासात किमती उतरल्या, निवड वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पगारी नोकर करत होता ती कामंही या प्रवासात ग्राहकाच्या अंगावर आली. उंच फळीवरून खोकं खाली घेणं, वजन उचलणं, भरलेली गाडी ढकलणं, रचलेल्या मालाच्या कडेने वाट काढणं, हे सगळं तो आता फुकट करतो. गोदामातल्या कामगाराला बूट मिळतात, हातमोजे मिळतात, वजन कसं उचलायचं हे शिकवलं जातं, इजा झाली तर विमा असतो, तपासायला सरकारी निरीक्षक येतो. त्याच छताखाली, त्याच रॅकच्या सावलीत चपला घालून, कडेवर मूल घेऊन आलेल्या बाईला यातलं काय मिळतं? ‘ओली फरशी’ लिहिलेली पिवळी पाटी, तीही कुणाला आठवण झाली तर.

‘घसरणं’ हा शब्द फार साधा वाटतो, म्हणून तो आपण हसण्यावारी नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगभरात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडून मरतात. अनवधानाने होणाऱ्या इजांमुळे जे मृत्यू होतात, त्यांत रस्ते अपघातांच्या खालोखाल हेच कारण येतं. यातली बहुतेक पडणी दुकानांत होत नाहीत, हे उघड आहे. पण वयस्कर माणसाचा खुबा मोडतो तेव्हा हाडाला ठिकाण कळत नाही. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक तरी वर्षभरात दगावतो. आणि घसरणं ही दैवाची गोष्टही नाही, ती मोजता येते. पाऊल पुढे पडताना टाच आधी टेकते. त्या क्षणी टाच आणि फरशी यांच्यात पाण्याचा पातळ थर आला, तर घर्षण संपतं आणि पाय पुढे निघून जातो. ब्रिटनमध्ये यासाठी लंबकाची चाचणी वापरतात. टाचेसारखा रबरी तुकडा लावलेला लंबक ओल्या फरशीवरून सोडतात आणि आकडा घेतात. ३६ किंवा त्याहून जास्त आला तर घसरण्याचा धोका कमी, २४ किंवा खाली आला तर जास्त. म्हणजे गुळगुळीत, आरशासारखी चमकणारी फरशी निवडणाऱ्याला, ती ओली झाल्यावर काय होणार, हे बसवण्याआधी कळू शकतं. असं कळू शकणाऱ्या गोष्टीला ‘अपघात’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. माणसाने बघून चालावं की नाही? चालावंच. फोनवर बोलत ट्रॉली रेटणारे, मुलाला ट्रॉलीत उभं करून दुसऱ्या रांगेत जाणारे आईबाप, खालचं खोकं ओढून वरचा अख्खा ढीग डळमळवणारे, हे सगळे खरे आहेत आणि त्यांच्यामुळे दुसऱ्यांनाही लागतं. ग्राहक निष्पाप बाळ आहे, असा माझा दावा नाही. पण ‘डोळे कुठे होते’ या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर ते असं आहे: डोळे दुकानाने जिथे नेले तिथे होते. डोळ्यांच्या उंचीवरची फळी सर्वांत मोलाची, म्हणून तिथे जागा मिळवायला कंपन्या पैसे मोजतात. छताला सवलतीचे फलक, रांगेच्या टोकाला रचलेले मनोरे, ठरावीक वस्तूवर पाडलेला प्रकाश. नजर कशी खेचावी याचा अभ्यास करणारे लोक या धंद्यात पगारावर असतात. जी नजर इतक्या खटपटीने वर ओढून घेतली, ती खाली का नव्हती, असं त्याच दुकानाने पडलेल्या माणसाला विचारावं?

शिवाय ‘थोडी तुझीही चूक, म्हणून सगळंच तुझं’ हा न्याय इतिहासात वापरून झाला आहे आणि टाकूनही दिला गेला आहे. १८०९ साली इंग्लंडमध्ये एका माणसाने रस्त्यात आडवा वासा टाकला; भरधाव घोड्यावरून आलेला दुसरा त्यावर आदळून जखमी झाला. तू बेतानं आला असतास तर वासा दिसला असता, असं म्हणून न्यायालयाने त्याला काहीच दिलं नाही. वासा टाकणारा सुटला. पुढे शतकभर हाच दाखला यंत्रात हात गेलेल्या मजुरांविरुद्ध आणि रेल्वेखाली सापडलेल्यांविरुद्ध वापरला गेला. अखेर १९४५ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून सांगितलं, की दोघांची चूक असेल तर भार दोघांत वाटा. कायद्याला जे ऐंशी वर्षांपूर्वी उमगलं, ते चारचौघांतल्या वादात अजून उतरलेलं नाही.

गाड्यांच्या बाबतीत हीच मानसिकता मोडायला एक डॉक्टर लागला. अमेरिकेत १९६० च्या दशकापर्यंत वाहन उद्योगाचं पालुपद एकच होतं: दोष गाडीत नसतो, चालवणाऱ्यात असतो. १९६६ मध्ये तिथल्या रस्ते सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख झालेले विल्यम हॅडन यांनी प्रश्नच फिरवला. चालक चुकणार, हे धरून चाला. पण चुकलेल्या माणसाच्या छातीत स्टिअरिंगचा दांडा घुसलाच पाहिजे का? त्यातून दबणारे दांडे आले, पट्टे सक्तीचे झाले. चालक पूर्वीइतकेच चुकत राहिले, पण त्या चुकीची शिक्षा मरणाची राहिली नाही.

ट्रॉलीतून पडणाऱ्या मुलांना हाच प्रश्न लावून पाहा. १९९० ते २०११ या काळातल्या अमेरिकी नोंदींवरून केलेल्या अभ्यासात दरवर्षी सरासरी २४,००० मुलं ट्रॉलीमुळे जखमी होऊन तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात गेल्याचं दिसलं. त्यातली सुमारे ७० टक्के ट्रॉलीतून पडली होती आणि मार बहुतेक वेळा डोक्याला होता. आईबापांनी लक्ष ठेवायला हवं होतं, मान्य. पण मुलाची बैठक गाडीच्या सगळ्यात वर, चाकांचा पाया अरुंद, सगळा तोल वरच्या भागात: असं साधन दुकानातल्या कडक फरशीवर आणायचं, त्यात मूल बसवायची सोय करून द्यायची आणि मग लक्ष ठेवा म्हणायचं, हे कसलं नियोजन? बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २००६ मध्येच ट्रॉलीची रचना बदला, बैठक खाली आणा, असं सांगितलं होतं. त्याआधी २००४ मध्ये एक मानकही आलं होतं, पण ते ऐच्छिक. त्यानंतरच्या वर्षांत डोक्याच्या इजा घटल्या नाहीत, वाढल्या.

दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा. स्वतःच पाणी सांडून स्वतःच पडणारे आहेत, त्यांना शिक्षाही झालेल्या आहेत. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही, कारण एक खोटा दावा दहा खऱ्या जखमींवर संशय आणतो. पण याच संशयापायी आपण खऱ्या माणसांना किती निर्दयपणे तुडवतो, त्याचं उदाहरण ‘गरम कॉफी’चं आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत ७९ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीवर मॅक्डोनाल्ड्सची कॉफी सांडली, १९९४ मध्ये ज्यूरीने त्यांना २८ लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली आणि जगभर त्यांची थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं, की कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सियसवर ठेवली जात होती, त्वचेचा पूर्ण थर जाळणाऱ्या भाजण्यावर त्यांना त्वचारोपण करून घ्यावं लागलं, आधी त्यांनी फक्त २०,००० डॉलर मागितले होते आणि कंपनीने ८०० देऊ केले होते? त्याआधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या ७०० हून अधिक तक्रारी त्याच कंपनीकडे आल्या होत्या. निकालाची रक्कम न्यायाधीशांनी पुढे बरीच कमी केली आणि शेवटी तडजोड झाली, हेही कुणी सांगितलं नाही. त्या सातशे तक्रारी कंपनीच्या कपाटात होत्या. त्या बाहेर असत्या, तर सातशे एकाव्या माणसाने कदाचित पेला वेगळ्या तऱ्हेने धरला असता. किंवा कॉफीच थोडी निवली असती.

न्यायालयांनी हा धागा पकडलेला आहे, हे मला आश्वासक वाटतं. १९७६ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयासमोर टेस्कोच्या दुकानात सांडलेल्या दह्यावरून घसरलेल्या बाईंचा खटला आला. दही किती वेळ पडून होतं, हे त्या सिद्ध करू शकत नव्हत्या. कशा करणार? फरशी दुकानाची, झाडू दुकानाचा, नोंदवही असली तर दुकानाची. न्यायालय म्हणालं, नीट व्यवस्था असेल तर असं सहसा घडत नाही. तेव्हा व्यवस्था होती, हे दुकानाने दाखवावं. दुकानाला ते जमलं नाही. त्याच बाईंना तीन आठवड्यांनी त्याच दुकानात सरबत सांडलेलं दिसलं आणि पाव तास तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. अमेरिकेत कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९७२ मध्येच याहून पुढचं पाऊल टाकलं होतं: मेणकागदावर पिझ्झाचे तुकडे देऊन लोकांना उभ्याने खायला लावत असाल, तर जमिनीवर तुकडे पडणारच; धोका तुमच्या विकण्याच्या पद्धतीतच आहे. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टासमोर, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर, कुबड्यांवर चालणाऱ्या एका स्त्रीचं प्रकरण आलं. बटाट्याच्या तेलकट तळलेल्या तुकड्यावरून कुबडी सटकली होती, दुपारी साडेबाराच्या सुमाराला. आणि ती जागा कुणी पाहिली होती सकाळी आठच्या आसपास. तिन्ही निकालांत ग्राहकाचे डोळे बाजूला राहिले आणि दुकानाची व्यवस्था पुढे आली; दह्याच्या आणि बटाट्याच्या प्रकरणांत तर दुकानाचं घड्याळही. तुम्ही केव्हा पाहिलंत?

राहिला खर्च. रोज हजारो लोक येतात, लागतं एखाद्याला. त्या एकासाठी माणसं नेमा, फरशा बदला, रॅकला अडसर लावा, तर ते पैसे सगळ्यांच्या बिलात चढणार. हे गणित चुकीचं नाही, अर्धवट आहे. इजेचा खर्च आजही होतोच; फक्त तो मोडलेल्या खुब्याच्या घरात होतो, दुकानाच्या हिशेबात दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल प्लिमसोल ब्रिटिश संसदेत हेच ओरडून सांगत होते. जहाजं बुडेपर्यंत लादली जात, मालकाला विम्याचे पैसे मिळत, खलाशी बुडत. भार मर्यादित केला तर परदेशी जहाजं आपला धंदा खातील, असं मालक म्हणत. १८७६ मध्ये जहाजावर भाररेषा काढणं सक्तीचं झालं, पण रेषा कुठे काढायची ते मालकांवर सोडलं! पुढची दीडएक दशकं ही सक्ती जवळपास नावापुरती होती. रेषेची जागा कायद्याने ठरली तेव्हाच तिला अर्थ आला, आणि ब्रिटिश जहाजधंदा बुडाला नाही. दुकानं स्वतःच्या अंतर्गत सुरक्षा धोरणाचे दाखले देतात तेव्हा मला मालकाने स्वतःच्या सोयीने काढलेली ती रेषा आठवते. एका माणसावर चालणाऱ्या छोट्या दुकानाला हे ओझं झेपणार नाही, हा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. नियम जागेच्या आकाराप्रमाणे आणि मालाच्या उंचीप्रमाणे असावेत.

दही सांडण्यापासून इमारत कोसळण्यापर्यंत उडी मारणं अतिशयोक्तीचं वाटेल. मला तसं वाटत नाही, कारण दोन्हीकडे सवय तीच दिसते: विक्री थांबवायची नाही. सोलमधलं साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर २९ जून १९९५ ला कोसळलं, ५०२ माणसं गेली. सरकते जिने बसावेत म्हणून खांब बारीक केले होते, वर पाचवा मजला चढवला होता, छतावर वातानुकूलनाची अवजड यंत्रं होती. त्या सकाळी वरच्या मजल्याला भेगा दिसल्या. वरचा मजला बंद केला, यंत्रं बंद केली. खालचे गल्ले संध्याकाळपर्यंत चालू ठेवले. २०१३ मध्ये लॅटव्हियाची राजधानी रिगात ज्या सुपरमार्केटचं छत पडून ५४ जण दगावले, तिथे तासाभराहून आधी धोक्याची घंटा वाजली होती. ती खोटी समजून खरेदी सुरूच राहिली. १ ऑगस्ट २००४ ला पॅराग्वेच्या असुन्सिओनमध्ये इकुआ बोलान्योस सुपरमार्केटला आग लागली. पैसे न देता कुणी निसटू नये म्हणून दारं बंद केली गेली, असं वाचलेल्यांनी सांगितलं. मृतांची संख्या चारशेच्या घरात गेली. मालक, त्याचा मुलगा आणि एक सुरक्षारक्षक तुरुंगात गेले. यातलं सगळ्यात यातनादायक हे, की धडा ९३ वर्षं जुना होता. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल कपडे कारखान्यात १४६ कामगार, बहुतेक तरुण मुली, जळून आणि उड्या टाकून मेल्या. चोरी होऊ नये म्हणून एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. त्यानंतर कारखान्यांचे कायदे बदलले. ग्राहक त्या कायद्यांच्या बाहेरच राहिला.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ म्हणतो आपण. पण पुढच्याची ठेच मागच्याला दिसली तर ना! ग्राहक पडला, की दुकानात एक अर्ज भरला जातो, तो कंपनीच्या वकिलाकडे आणि विमा कंपनीकडे जातो. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं. पडलेल्याशी तडजोड झाली तर बोलायचं नाही, अशी अट बहुधा असते. त्याच कंपनीच्या शंभर दुकानांत एकाच बनावटीच्या रॅकवरून माल पडत असेल, तर हे फक्त कंपनीला ठाऊक. खोट्या दाव्यांची भीती असणाऱ्यांनी तर नोंदीची मागणी माझ्या आधी करायला हवी. दर अर्ध्या तासाच्या पाहणीची सहीनिशी नोंद असेल, तर सोंग करणारा एका कागदाने उघडा पडतो.

हे अशक्य आहे का? ब्रिटनच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे, कामाच्या ठिकाणी, कामाशी संबंधित अपघातात बाहेरच्या माणसाला तिथून थेट उपचारांसाठी रुग्णालयात न्यावं लागलं, तर ते सरकारी यंत्रणेला कळवणं बंधनकारक आहे. अमेरिकेत कामगार सुरक्षेची यंत्रणा कामगारांपुरती आहे, तरी तिचा उपयोग किती होतो पाहा. डॉलर जनरल या साखळीच्या दुकानांत मालाने अडवलेली बाहेर पडायची दारं आणि धोकादायक रचलेले ढीग तिने वर्षानुवर्षं पकडले. जुलै २०२४ मध्ये कंपनीने १ कोटी २० लाख डॉलर भरायचं आणि असे अडथळे सापडले की साधारणपणे ४८ तासांत हटवायचं कबूल केलं. दारं अडलेली होती ती कामगारांना आणि ग्राहकांना सारखीच. निरीक्षकाला आत जाता आलं, ते मात्र तिथे कामगार होते म्हणून. स्वयंसेवेची, कामगार जवळपास नसलेली दुकानं आता वाढत आहेत. तिथे निरीक्षक कुणाच्या नावाने आत जाणार?

नोंदीइतकीच दुसरी एक गोष्ट मला हवी आहे, आणि तिला पैसे जवळजवळ लागत नाहीत: थांबवण्याचा अधिकार. टोयोटाच्या कारखान्यांत कामाच्या ओळीवरचा साधा कामगार दोर ओढून अख्खी ओळ थांबवू शकतो, कुणाला विचारावं लागत नाही. दुकानात सगळ्यात कमी पगारावरच्या माणसाला एखादी रांग दोरी बांधून बंद करता येते का? की आधी पर्यवेक्षक, मग व्यवस्थापक, आणि तोवर ‘तिथे जरा उभा राहा, लोकांना सांग’?

चीनमधल्या जिंगजोऊ शहरातल्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये २६ जुलै २०१५ ला असंच सांगणं चाललं होतं. सरकत्या जिन्याच्या वरच्या टोकाची पत्र्याची झाकणी सैल आहे, हे कर्मचाऱ्यांना काही मिनिटं आधी कळलं होतं. ते तिथेच उभे होते. जिना चालू होता. लहान मुलाला घेऊन एक आई वर आली, झाकणी पायाखालून गेली, तिने मुलाला पुढे ढकललं आणि ती आत ओढली गेली. मूल वाचलं. सरकता जिना थांबवायचं बटण जिन्याच्या टोकाशीच असतं.